दुकानाचा संगणक आणि ब्राउझरचे नियम

१ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, १ एप्रिल २०१८ पासून परराज्यातून येणाऱ्या मालाला ई-वे बिल आले, आणि पाहता पाहता कापड दुकानाचा अर्धा कारभार संगणकाच्या एका खिडकीत जाऊन बसला. लोह्यासारख्या तालुक्याच्या गावीही आता सुरतेच्या गाठीचे बिल, मालेगाव-इचलकरंजीच्या थानांचा हिशेब, बँकेतील शिल्लक आणि विवरणपत्र हे सर्व त्याच खिडकीतून पाहावे लागते. या खिडकीला ब्राउझर म्हणतात. क्रोम, एज, फायरफॉक्स ही त्यांची नावे बहुतेकांना माहीत आहेत.

गल्ल्याची किल्ली आपण कोणाच्या हाती देतो याचा विचार प्रत्येक व्यापारी करतो. ब्राउझरच्या बाबतीत मात्र तसा विचार फारसा होत नाही. मुनीम त्यावर बसतो, दुपारी भाचा बसतो, शेजारच्या दुकानातील पोरगा एक प्रिंट काढावयास येतो व तोही बसतो. प्रत्येक जण काहीतरी उघडतो, कुठेतरी 'होय' दाबतो आणि निघून जातो. संध्याकाळी त्याच खिडकीत मालक बँकेचा पासवर्ड टाकतो. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयात असे चालत नाही. तेथे ब्राउझरने काय करावे व काय करू नये हे संगणकाचा व्यवस्थापक आधीच ठरवून ठेवतो. ती सोय एका संगणकाच्या दुकानालाही फुकट मिळते, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

या सोयीला पॉलिसी म्हणतात. विम्याची पॉलिसी नव्हे. माझ्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्या माणसाला 'कायदा' हा शब्द अधिक जवळचा वाटतो, परंतु संगणकवाले पॉलिसीच म्हणतात, तेव्हा तोच शब्द ठेवू. ब्राउझरची सेटिंग आणि पॉलिसी यांत मोठा फरक आहे. सेटिंग ही खुर्चीवर बसलेला कोणीही बदलू शकतो. पॉलिसी ही ब्राउझरच्या आत नसून विंडोजच्या पोटात लिहिलेली असते. ब्राउझर उघडताना ती वाचतो व पाळतो. सेटिंगच्या पानावर ते बटण करडे दिसते आणि दाबले तरी हलत नाही. विंडोज २००० पासून अशा नियमांची व्यवस्था मायक्रोसॉफ्टने दिली, २०१० मध्ये गूगलने क्रोमसाठी तशी सोय केली, मे २०१८ मध्ये फायरफॉक्सच्या ६० व्या आवृत्तीत ती सुटसुटीत झाली, आणि जानेवारी २०२० मध्ये आलेल्या नव्या एजमध्ये क्रोमसारखेच नियम आहेत.

पहिला धडा ब्राउझरचा नाहीच, विंडोजचा आहे. विंडोजमध्ये दोन प्रकारची खाती असतात, एक ॲडमिनिस्ट्रेटर आणि दुसरे साधे, म्हणजे स्टँडर्ड. बहुतेक दुकानांत संगणक आणला त्या दिवशी एकच खाते तयार झालेले असते, ते ॲडमिनिस्ट्रेटर असते आणि त्याला पासवर्डही नसतो. अशा संगणकावर कितीही नियम लावले तरी ते वाळूत ओढलेल्या रेघेसारखेच. जो बसेल तो पुसू शकतो. तेव्हा ॲडमिनिस्ट्रेटर खात्याला पासवर्ड घालावा, तो मालकाने स्वतःजवळ ठेवावा, आणि रोजच्या कामासाठी सर्वांना, मालकालासुद्धा, साधे खाते वापरावयास लावावे. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. आमच्या दुकानात ज्या कारागिराने संगणक बसवला त्याने हा पासवर्ड स्वतःपाशीच ठेवला होता. तो गाव सोडून गेला, फोन उचलेना, आणि एक प्रिंटर बसवण्यासाठी नांदेडहून दुसरा माणूस बोलवावा लागला. किल्ली बनवणाऱ्याला मजुरी द्यावी, किल्ली देऊ नये.

आता नियमांकडे येऊ. क्रोममध्ये असे शेकडो नियम आहेत, आणि सगळे लावावयाचा उत्साह अंगलट येतो. दुकानाला चार-पाच पुरे होतात.

सर्वात मोठा धोका ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या एक्स्टेन्शनांचा आहे. ही लहान लहान जोडकामे असतात. कोणी पीडीएफ जोडून देते, कोणी जाहिराती लपवते, कोणी कूपन शोधून देते. बसवताना ब्राउझर विचारतो की, सर्व वेबसाइटींवरील तुमची माहिती वाचण्याची व बदलण्याची परवानगी द्यावयाची काय? पोरगा वाचत नाही, 'होय' म्हणतो. या एका परवानगीत बँकेचे पानही आले, जीएसटीचे पानही आले. आणि आज जे एक्स्टेन्शन चांगले आहे ते उद्या चांगले राहीलच असे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये, नाताळच्या सुट्टीत, अमेरिकेतील सायबरहेवन नावाच्या कंपनीच्या माणसाला फसवी ई-मेल पाठवून चोरांनी त्या कंपनीच्या क्रोम एक्स्टेन्शनचा ताबा घेतला व त्यात आपला कोड घालून तो ग्राहकांच्या संगणकांवर पोहोचवला. ब्राउझर अशी नवी आवृत्ती आपोआप उतरवून घेतो, ग्राहकाला काही करावे लागत नाही. नंतर उघड झाले की इतरही अनेक एक्स्टेन्शने याच रीतीने बिघडवली गेली होती. आणि ही कंपनी कोणी ऐरीगैरी नव्हे, इतरांच्या माहितीची राखण करणे हाच तिचा धंदा. तेव्हा वस्तू नामांकित आहे एवढ्यावर भागत नाही.

यावरचा नियम आहे 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल ब्लॉकलिस्ट'. त्यात फक्त एक तारा, म्हणजे फुलीसारखे चिन्ह, लिहिले की सर्व एक्स्टेन्शनांना मनाई होते. पूर्वी बसलेलीही बंद पडतात आणि वापरणाऱ्याला ती पुन्हा चालू करता येत नाहीत. एखादे खरोखर हवेच असेल तर त्याचा बत्तीस अक्षरी क्रमांक 'अलाउलिस्ट'मध्ये लिहावा. कापड दुकानाला असे एकही लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी बाब पासवर्डची. ब्राउझर विचारतो, हा पासवर्ड लक्षात ठेवू काय? एकदा ठेवला की तो त्या खिडकीसमोर बसणाऱ्या प्रत्येकाच्या कामी येतो. 'पासवर्ड मॅनेजर एनेबल्ड' हा नियम शून्य केला की नवा पासवर्ड साठवला जात नाही. मात्र पुष्कळांना माहीत नसते की आधी साठवलेले पासवर्ड तसेच राहतात व चालतात. म्हणून नियम लावण्यापूर्वी जुनी यादी उघडून पुसावी, आणि नंतर बँकेचा व जीएसटीचा पासवर्ड बदलावा. हा क्रम उलटा करू नये.

याच्याच शेजारी सिंकचा प्रश्न बसतो. मुनिमाने क्रोममध्ये स्वतःच्या जीमेलने साइन-इन करून सिंक चालू केले, तर दुकानात साठलेले पासवर्ड त्याच्या खात्यात जाऊ शकतात आणि त्याच्या घरच्या संगणकावर व मोबाइलवरही दिसू लागतात. यात मुनिमाची बेइमानी असेलच असे नाही. बिचाऱ्याला हे ठाऊकही नसते. 'ब्राउझर साइन-इन' हा नियम शून्य आणि 'सिंक डिसेबल्ड' हा एक केला की ही वाट बंद होते. जीमेलची वेबसाइट उघडून पत्रे वाचणे त्याने थांबत नाही.

तिसरा नियम लहान, पण गुणकारी. अनेक वेबसाइटी उघडताच सूचना पाठवण्याची परवानगी मागतात. एकदा दिली की संगणकाच्या कोपऱ्यात रात्रंदिवस चिठ्ठ्या येतात: तुमच्या संगणकात व्हायरस आहे, येथे दाबा, या क्रमांकावर फोन करा. घाबरून फोन करणारा फसतो. 'डिफॉल्ट नोटिफिकेशन्स सेटिंग' दोनवर ठेवला की कोणत्याच साइटला ही परवानगी मागता येत नाही.

आता वेबसाइटींवरील बंदीकडे येऊ. लोकांना वाटते की सगळा विषय एवढाच आहे. या बंदीच्या दोन रीती आहेत. एक, सर्व उघडे ठेवून ठरावीक साइटी बंद करणे. दुसरी, सर्व बंद करून ठरावीक साइटी उघडणे. पहिल्या रीतीत 'यूआरएल ब्लॉकलिस्ट'मध्ये यूट्यूब, फेसबुक अशी नावे लिहितात. हे काम कधीच संपत नाही, एक नाव लिहावे तोवर दहा नवी निघतात. ज्या संगणकावर बँक उघडते त्यासाठी मला दुसरी रीत पसंत आहे. ब्लॉकलिस्टमध्ये एकच तारा लिहावा, आणि 'यूआरएल अलाउलिस्ट'मध्ये आपल्या कामाची नावे लिहावीत. दोन्ही याद्यांत एकच साइट बसत असेल तर अलाउलिस्टचे चालते. तिच्यात हजार नावे मावतात, आपल्याला वीसही लागत नाहीत.

नावे लिहिताना थोडे डोके लावावे लागते. एखादे नाव लिहिले की त्याच्या पोटातील सर्व शाखा आपोआप उघडतात. म्हणजे जीएसटी.गव्ह.इन असे लिहिले की त्याची लॉग-इनची व विवरणपत्राची पाने चालतील. परंतु ई-वे बिलाची साइट ईवेबिलजीएसटी.गव्ह.इन ही त्याची शाखा नव्हे, ते वेगळे नाव आहे, आणि ती बंदच राहील. नेमका ट्रक दारात उभा असताना हे कळते. म्हणून मी नुसते गव्ह.इन लिहावे असे सुचवतो. त्यात जीएसटी, ई-वे बिल, आयकर, राज्याचा विक्रीकर विभाग सर्व येतात, आणि ही नावे सरकारी खात्यांनाच मिळतात. वीज बिलाची महाडिस्कॉम.इन मात्र यात बसत नाही, ती निराळी लिहावी. व्यापाऱ्यांचे नमुने व्हॉट्सॲपवर येतात, तेव्हा वेब.व्हॉट्सॲप.कॉम लिहावे लागेल. जीमेल हवे असेल तर मेलच्या नावाबरोबर अकाउंट्स.गूगल.कॉम हेही लिहावे, नाहीतर लॉग-इनच होणार नाही.

बँकांच्या बाबतीत अलीकडे एक चांगली सोय झाली आहे. पूर्वी प्रत्येक बँकेचे नाव निराळ्या शेपटीचे असे, त्यामुळे एका अक्षराचा फरक करून खोटी बँक उभी करणे ठगांना सोपे जाई. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना आपली साइट बँक.इन या शेपटीच्या नावावर नेण्याचा आदेश दिला व त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. हे नाव हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडूनच मिळते आणि बँकेशिवाय इतरांना मिळत नाही. तेव्हा अलाउलिस्टमध्ये बँक.इन एवढे लिहिले की खऱ्या बँका उघडतील. एसएमएसमध्ये आलेल्या खोट्या दुव्यावर मुनिमाने चुकून बोट ठेवले तरी समोर 'व्यवस्थापकाने बंद केले आहे' असा निरोप येईल. हजार वेळा 'सावध राहा' सांगण्यापेक्षा ही एक ओळ अधिक काम करते. बिल भरताना काही वेळा पैसे मधल्या एखाद्या कंपनीच्या पानावरून जातात व ते पान अडते. तेव्हा अडलेले नाव कागदावर उतरवून घ्यावे, खात्री करावी आणि मगच यादीत घालावे. घाईत तारा काढून टाकू नये.

डाउनलोडवर पूर्ण बंदीचाही नियम आहे, तो दुकानाच्या कामाचा नाही. चलन आणि बिलाची पीडीएफ उतरवावीच लागते. 'डाउनलोड रिस्ट्रिक्शन्स' एकवर ठेवला तर घातक फायली तेवढ्या अडतात.

येथपर्यंत आपल्या मालाची राखण झाली. पण आपल्या वाचकांत ऑनलाइन केंद्र, झेरॉक्स व डीटीपीची दुकाने चालवणारे पुष्कळ तरुण आहेत. त्यांच्या संगणकावर दुसऱ्यांची अमानत असते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरण्यासाठी गावोगाव केंद्रांवर केवढी रीघ लागली होती हे सर्वांनी पाहिले. प्रत्येक बाईचे आधार, बँक पासबुक, मोबाइल क्रमांक हे सर्व त्या संगणकातून गेले. डाउनलोडच्या फोल्डरात किती आधार कार्डे पडून आहेत हे आज कोणी उघडून पाहावे. पुढच्या गिऱ्हाइकाचा फॉर्म भरताना ब्राउझर मागच्या बाईचे नाव व पत्ता स्वतःहून पुढे करतो, हेही नित्याचेच. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनी गिऱ्हाइकाची नोंदवही ठेवण्यास, उघडलेल्या साइटींची नोंद एक वर्ष जपण्यास आणि पडदे बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवण्यास सांगितले. कोण काय पाहतो याची त्यांना काळजी होती. गिऱ्हाइकाचा कागद मागे काय राहतो, याकडे दुकानदाराने स्वतःच पाहावे लागते.

अशा केंद्रात पत्ता व कार्ड आपोआप भरण्याचे दोन्ही 'ऑटोफिल' नियम शून्य करावेत. ज्या संगणकावर गिऱ्हाईक स्वतः बसते तेथे 'ब्राउझर गेस्ट मोड एन्फोर्स्ड' हा नियम फार सोयीचा आहे. प्रत्येक वेळी ब्राउझर कोरा उघडतो आणि खिडकी बंद होताच त्या बैठकीचे लॉग-इन, इतिहास, सर्व पुसले जाते. मात्र ज्या केंद्राला साइटींची नोंद ठेवणे बंधनकारक आहे त्याने ती ब्राउझरबाहेर ठेवण्याची व्यवस्था आधी करावी. आणि उतरवलेल्या फायली यातही तशाच राहतात. त्या रोज दुकान बंद करताना हाताने पुसाव्या लागतात, त्याला पॉलिसी नाही.

नियम प्रत्यक्ष कसे लिहावयाचे? विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर गूगलकडून क्रोमचे नियमांचे साचे उतरवून विंडोजच्या 'पॉलिसी डेफिनिशन्स' या फोल्डरात ठेवतात, मग ग्रुप पॉलिसीच्या खिडकीत सर्व नियम वाचता व निवडता येतात. आपल्याकडे बहुधा होम आवृत्ती असते, तिच्यात ती खिडकी नाही. तेथे रजिस्ट्री उघडून लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम अशा पायऱ्यांनी उतरावे लागते व तेथे नियमाचे नाव इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहून त्याचा आकडा द्यावा लागतो. एमएस-सीआयटी झालेल्या हुशार मुलाला हे अर्ध्या तासात जमते, पण रजिस्ट्रीची प्रत आधी काढून ठेवावी. एक चुकीचा हात विंडोजलाच आजारी पाडतो. फायरफॉक्सला त्याच्या स्वतःच्या फोल्डरात 'डिस्ट्रिब्युशन' नावाच्या कप्प्यात एक लहान फाइल ठेवून हेच सांगता येते.

क्रोमला कुलूप लावले आणि एज उघडे ठेवले, असे मी दोन-तीन ठिकाणी पाहिले आहे. एज विंडोजबरोबर येतोच. त्याचे नियम पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, एज या पायऱ्यांखाली लिहितात व नावे बहुतांशी तीच आहेत. जो ब्राउझर लागत नाही तो काढून टाकावा.

काम झाल्यावर क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत क्रोम हा शब्द, विसर्गासारखे चिन्ह, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी असे इंग्रजीत लिहावे. लागू असलेल्या सर्व नियमांची यादी समोर येते. पहिले पान ठरवणे, शोधयंत्र ठरवणे असे काही नियम या यादीत 'दुर्लक्षित' दिसतील. तो कारागिराचा दोष नाही. हे नियम चोरटी सॉफ्टवेअरे परस्पर लिहून लोकांना आपल्या पानावर नेत असत, म्हणून कंपनीच्या मोठ्या व्यवस्थेत नोंद नसलेल्या विंडोज संगणकावर क्रोम ते मानत नाही. याच कारणाने आणखी एक तपासणी करावी. आपण कोणताही नियम लावला नसताना क्रोमच्या मेनूत सर्वात खाली 'संस्थेकडून व्यवस्थापित' अशी ओळ दिसत असेल, तर कोणीतरी आपल्या आधी येऊन गेले आहे. कधी तो अँटिव्हायरस असतो, कधी संगणक विकणारा, आणि कधी चोर. वरील यादी उघडून काय लिहिले आहे ते पाहावे.

नोकरांविषयी एक शब्द बोलणे जरूर आहे. हे नियम लावताना मुनिमाला समोर बसवावे आणि काय बंद केले ते सांगावे. ब्राउझरचा इतिहास पुसू न देण्याचाही एक नियम आहे. तो लावावयाचा असेल तर सांगून लावावा, चोरून नव्हे. वीस वर्षे हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला एके दिवशी अचानक करडे बटण दिसले तर त्याच्या मनाला लागते, आणि रास्तच लागते. शिवाय हे कुलूप त्याच्यासाठीही ढाल आहे. पैसे गेले तर पहिला संशय खुर्चीवर बसणाऱ्यावर येतो. ई-वे बिलाच्या साइटवर मुनिमासाठी वेगळा उप-वापरकर्ता काढता येतो, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेथे सर्वांनाच ओटीपीशिवाय लॉग-इन होत नाही. तेव्हा मालकाचा पासवर्ड सर्वांनी वापरण्याची गरजच उरलेली नाही. करमणुकीचे म्हणाल तर ती त्याच्या खिशातील मोबाइलवर आहेच, तेथे आपली पॉलिसी पोहोचत नाही व पोहोचू नये.

संगणक फार जुना असेल तर मात्र या सर्वाचा उपयोग मर्यादित आहे. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, पुढच्या सुधारणा फेब्रुवारी २०२३ पासून बंद. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नियम तेथेही लागतील, पण भिंतीतील भोके बुजवणारे कोणी नाही.

आणि हे काम महिन्याच्या ११ व २० तारखेच्या आसपास काढू नये, विवरणपत्रांची घाई असते. एखादा मोकळा दिवस पाहावा. कारागीर दुकानात असतानाच मुनिमाने आपल्या साध्या खात्यातून एक ई-वे बिल काढून छापावे, एक बँकेचा भरणा करावा आणि एक चलन उतरवून पाहावे. तीनही झाल्याशिवाय त्याचे पैसे चुकते करू नयेत.